निऑन आणायचे तर दोन-दोन आणू नका

"एका वेळी दोनच मासे आण, टँकला सवय होऊ दे," असं मला माझ्या मावसभावाने सांगितलं होतं. त्याच्याकडे गोल्डफिश होते आणि गोल्डफिशच्या बाबतीत तो अगदी बरोबर होता. मी शहाण्याने तोच सल्ला निऑन टेट्रा या छोट्या निळ्या-लाल माशांना लावला. पहिल्या रविवारी दोन आणले, पुढच्या रविवारी दोन, त्याच्या पुढच्या रविवारी अजून दोन, आणि महिनाअखेर टँकमध्ये होते तीन. तेही फिल्टरच्या पाइपामागे चिकटून बसलेले, खाणं टाकलं तरी बाहेर येईनात. आई म्हणाली, "रिकामा टँकच ठेवला असतास तर निदान वीजबिल तरी वाचलं असतं."

तेव्हापासून बरंच वाचलं, बरेच मासे घालवले (हेही खरंय), आणि आता जे कळलंय ते असं की थव्यात राहणाऱ्या छोट्या माशांचं गणितच वेगळं असतं. निऑन, कार्डिनल, रासबोरा, झेब्रा डॅनिओ, छोटे बार्ब, सगळे यात आले. यांना हळूहळू वाढवायचं नसतं, टँक आधी तयार करायचा असतो आणि मग थवा एकदम आणायचा असतो. उलटं केलं की माझ्यासारखं होतं.

आधी थवा म्हणजे काय ते बघू, कारण सगळं त्यावरच आहे. निऑन मोठा झाला तरी जेमतेम ३ ते ४ सेंटीमीटर. मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, आणि तिथे त्याला खाणारं कोण नाही ते विचारा. मग याचा बचाव काय तर गर्दी. आषाढी वारीत तुमचे काका हरवले आणि तुम्हाला सांगितलं की ते पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घालून आहेत, शोध, तर काय होईल? एका टोपीवर नजर ठेवेपर्यंत दुसरी आडवी येणार. मोठ्या माशाचं नेमकं हेच होतं, त्याची नजर एकावर ठरत नाही. शिवाय वीसजणांत असलो तर पकडला जाणारा मीच असण्याची शक्यता वीसात एक, दोघांत असलो तर निम्मी. हे माशाला आकडेमोड करून कळत नाही, त्याच्या अंगातच भिनलेलं असतं की आजूबाजूला आपल्यासारखे दिसत नसतील तर आपण संकटात आहोत.

आणि तो नुसता डोळ्याने बघत नाही. माशाच्या कुशीवरून डोक्याकडून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिला लॅटरल लाइन म्हणतात, तिच्यात पाण्याचा हलका दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. शेजारचा मासा वळला की पाणी हलतं आणि ते याला अंगावर जाणवतं. १९७६ साली शास्त्रज्ञांनी काही समुद्री माशांचे डोळे तात्पुरते झाकून त्यांना थव्यात सोडलं तर ते तरीही थव्याबरोबर पोहत राहिले. म्हणजे शेजारी असणं ही त्यांच्यासाठी स्पर्शासारखी गोष्ट आहे. काचेत आरसा ठेवून किंवा निळ्या रंगाचा दुसरा कुठलातरी मासा आणून ती भरून निघत नाही.

म्हणून दोन निऑन म्हणजे छोटा थवा नाही, दोन घाबरलेले मासे. घाबरलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं, आपल्याही वाढतं तेच, आणि ते वाढलेलं राहिलं की प्रतिकारशक्ती खाली जाते. मग एरवी ज्या जंतूला त्याने सहज झटकलं असतं त्यानेच तो मरतो. माझे तीन बहुतेक असेच गेले. किमान ६ म्हणतात सगळीकडे, मी म्हणेन ८ च्या खाली जाऊच नका आणि १० ते १२ जमले तर उत्तम. हे एकाच जातीचे हां. दोन निऑन, दोन रासबोरा, दोन झेब्रा, दोन बार्ब असं थाळी मागवल्यासारखं आणलं तर टँक रंगीत दिसतो पण थवा एकाचाही होत नाही. निऑन आणि कार्डिनल मात्र एकत्र फिरतात, जवळचेच आहेत ते. ओळखायची खूण म्हणजे निऑनचा लाल पट्टा फक्त मागच्या अर्ध्या अंगावर असतो, कार्डिनलचा पूर्ण लांबीभर.

आता तुम्ही म्हणाल मग सगळेजण "हळूहळू वाढवा" का सांगतात. तर त्यालाही कारण आहे आणि ते कारण खोटं नाही.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, त्याची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो. अमोनिया विष आहे. टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजावर, खडीवर, काचेवर काही जिवाणू वाढतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, ते रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं, मासा भरपूर हवा असलेल्या पाण्यातसुद्धा वर येऊन तोंड उघडझाप करतो. नायट्रेट त्या मानाने गरीब, ते आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही जिवाणूंची वसाहत नवीन टँकमध्ये तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आणि ती किती मोठी होते तर जेवढा अमोनिया मिळतो तेवढीच. म्हणून तीन माशांपुरती वसाहत असलेल्या टँकमध्ये एकदम तीस मासे टाकले तर अमोनिया साचतो. "हळूहळू वाढवा" चा अर्थ हा.

पण गंमत बघा, हा नियम मुळात कचरा किती होतो त्याचा आहे, मासे किती त्याचा नाही. एक बोटभर लांबीचा गोल्डफिश जेवढी घाण करतो तेवढी करायला निऑनची मोठी पलटण लागेल, कारण लांबी दुप्पट झाली की वजन आठपटीच्या आसपास जातं. दोन फुटी टँक, म्हणजे २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच, यात काठोकाठ भरलं तर ६८-७० लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून ५५-६० लिटर खरं पाणी. असा टँक जर पूर्ण तयार असेल तर त्याला १० निऑन एकदम आले काय आणि दोन-दोन आले काय, फार फरक पडत नाही. माशांना मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि दोन-दोनचा अजून एक तोटा कोणी सांगत नाही, प्रत्येक वेळी दुकानातून नवीन पिशवी आली की नवीन रोगाची लॉटरी. पाच वेळा आणले तर पाच तिकिटं.

तयार टँक म्हणजे काय? पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे तयार नाही, काल भरलेला टँक सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि सगळ्यात धोकादायक तोच. मासे न टाकता रोज चिमूटभर खाणं टाकत राहायचं, ते कुजू द्यायचं (वास येतो थोडा, घरच्यांना आधी सांगून ठेवा), आणि टेस्ट किटने मोजत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. खाणं टाकत असतानाही दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टँक तयार. यात शॉर्टकट एकच आहे आणि तो अस्सल आहे. ओळखीत कोणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा एक स्पंज मागून आणायचा. दही लावायला शेजारून विरजण आणतो तसं. फक्त आणताना तो ओला राहिला पाहिजे, आणि घरी आणून नळाखाली धुवायचा नाही, कारण नळातलं क्लोरीन ज्यासाठी आहे तेच काम करेल, जिवाणू मारेल. आपलाही स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा पिळून बास. चकचकीत करायच्या नादात मी एकदा पूर्ण वसाहत नाल्यात सोडली आहे.

बरं, टँक तयार. आता दुकान.

सकाळी आलेला माल संध्याकाळी उचलू नका. आपल्याकडे दुकानांत येणारे बरेच शोभेचे मासे चेन्नई आणि कोलकात्याकडून येतात, चेन्नईत कोळत्तूर हा भाग तर याच धंद्यासाठी ओळखला जातो. म्हणजे तो निऑन आधी कुठल्यातरी फार्मवरून निघालाय, मग होलसेलरकडे, मग पिशवीत रात्रभर प्रवास, मग दुकानाच्या टँकमध्ये. त्याला चार-पाच दिवस तिथेच राहू दे, जे मरायचे ते दुकानदाराच्या खात्यात मरतील, हे ऐकायला निष्ठुर वाटतं पण खरं आहे. "दादा, हे कधी आले?" हे विचारायचंच, आणि "जरा खायला टाका ना" म्हणायचं. जे झडप घालतात ते घ्यायचे. पोट आत गेलेला, कल्ले भराभरा हलवणारा, पंख अंगाशी मिटून एका कोपऱ्यात तरंगणारा नको. आणि तुम्ही निवडलेले मासे ठणठणीत दिसत असले तरी दुकानातल्या त्याच टँकमध्ये तळाला एखादा मेलेला पडला असेल तर तिथून काहीच घेऊ नका, पाणी एकच असतं. (गुलाबी-हिरव्या-जांभळ्या रंगाचे काचेसारखे मासे दिसले तर तेही नको. ग्लासफिशला सुईने रंग टोचून विकतात, रंग काही महिन्यांत जातो आणि मासा बऱ्याचदा त्याच्याही आधी.)

पिशवी घरी आली. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि चूक कळत नाही, कारण मासा त्याच दिवशी मरत नाही, तीन-चार दिवसांनी मरतो आणि मग आपण पाण्याला नाहीतर दुकानदाराला दोष देतो.

पिशवीत काय चाललेलं असतं ते बघा. मासे श्वास सोडतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, सोड्यात असतो तसा, आणि पाणी आम्लधर्मी होत जातं, म्हणजेच त्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साचत असतो. पण अमोनियाची दोन रूपं आहेत. एक खरा विषारी अमोनिया, जो कल्ल्यांतून आरपार जातो. दुसरा अमोनियम, जो सहज आत शिरत नाही. पाणी आम्लधर्मी असेल तर जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो. २५ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूणातला १ टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की साधारण ५ टक्के. दहापट. म्हणजे बंद पिशवीत मासा स्वतःच्याच घाणीत असूनही एका अर्थी सुरक्षित असतो. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तो झोपलेला अमोनियम जागा होतो.

म्हणून कृती प्रवासावर ठरते. मासा अर्ध्या-एक तासावरच्या दुकानातून आलाय तर अमोनिया फारसा साचलेला नसतो, पिशवी बंद ठेवून २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची म्हणजे तापमान सारखं होईल, मग उघडून दर पाच-सात मिनिटांनी अर्धा कप आपलं पाणी आत, असं अर्धा-पाऊण तास. पण कुरिअरने किंवा रात्रीच्या बसने बारा-पंधरा तास प्रवास करून आलेल्या पिशवीला हा लाड नको. तिथे बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि एकदा उघडली की वेळ न घालवता मासे बाहेर, घाणेरडं पाणी तिथेच. दोन्ही प्रकारांत पिशवीतलं पाणी आपल्या पाण्यात ओतायचं नाही. कधीच नाही. मी ओतायचो, वाटायचं माशांना ओळखीचं पाणी बरं वाटेल.

पीएचपेक्षाही ज्याकडे बघायला हवं ते म्हणजे पाण्याचा जडपणा, त्यात विरघळलेले क्षार. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सारखं आत घुसत असतं. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात तेच. मासा फुगत नाही कारण त्याची किडनी दिवसरात्र पाणी बाहेर काढत असते. जड पाण्यातून त्याला एकदम मऊ पाण्यात टाकलं की आत घुसणारं पाणी अचानक वाढतं आणि किडनीला जुळवून घ्यायला वेळ लागतो, तासांत नाही होत ते. आमच्याकडे पुण्यात नळाला पाणी आलं की माझा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ११० च्या आसपास दाखवतो आणि उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की तोच ७०० दाखवतो. एकाच नळातून! म्हणून मीटर घ्या, फार महाग नसतो, आणि दुकानात जाऊन त्यांच्या टँकमध्ये बुडवून बघा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, बघू दे. फरक मोठा असेल आणि प्रवास छोटा असेल तर ड्रिप लावायचं, म्हणजे मासे बादलीत आणि वरच्या टबातून बारीक नळीने थेंब-थेंब पाणी. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणायचा, सुई काढून टाकायची, त्याला ते चाक असतं ना थेंब कमी-जास्त करायचं, त्याच्यासारखं काम दुसरं काही करत नाही. आमच्या शेजारच्या काकू एकदा आल्या, बादलीवर लावलेलं सलाईन बघितलं आणि घाबरून म्हणाल्या, "अगंबाई, कोण आजारी आहे?"

जाळीबद्दल थोडं. टेट्रा, बार्ब, डॅनिओ यांच्या कातडीत काही खास पेशी असतात, कातडी खरचटली की त्या फुटतात आणि पाण्यात एक रसायन सुटतं, ज्याचा वास आला की बाकीचे मासे एकदम घाबरून गोळा होतात किंवा तळाशी दडी मारतात. कार्ल फॉन फ्रिश, मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारे, ज्यांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांनी १९३८ च्या सुमारास हे माशांत दाखवून दिलं होतं. आता विचार करा, तुम्ही खरबरीत जाळीने दहा निऑन पकडताय, त्यातले दोन खरचटले, म्हणजे नव्या घरात पाऊल टाकताना पूर्ण थव्याच्या नाकात पहिला वास कसला तर "कोणीतरी मारला गेला" चा. त्यामुळे मी जाळी जवळपास सोडलीच आहे, पारदर्शक प्लास्टिकचा डबा किंवा मोठा कप पाण्यात आडवा धरतो आणि त्यांना आत शिरू देतो. वेळ लागतो. लागू दे.

आता मघाशी मी सारखं "आपलं पाणी" म्हणत होतो, टँक म्हणत नव्हतो, ते मुद्दाम. नवे मासे आधी मेन टँकमध्ये नाही, वेगळ्या टबात जाणार. ३० लिटरचा साधा प्लास्टिक टब चालतो. खाली खडी नको, लपायला पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे, वरून मच्छरदाणीचा तुकडा कारण झेब्रा तर उड्या मारतातच, आणि एक स्पंज फिल्टर जो आधीचा महिनाभर मेन टँकमध्ये चालू होता, म्हणजे विरजण लागलेला. यात तीन आठवडे. सगळा थवा एकत्र.

तीन आठवडेच का, तर पांढरे ठिपके, ज्याला सगळे इक म्हणतात, त्याचं आयुष्य बघा. माशाच्या अंगावर रव्याच्या कणासारखा जो ठिपका दिसतो तो परजीवी कातडीच्या आत बसलेला असतो, तिथे औषध पोचत नाही. तो पोसला की गळून तळाला पडतो, भोवती कवच करतो, तिथेही औषध पोचत नाही, आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती फुटून बाहेर पडून नवीन मासा शोधत पोहतात तेवढाच काळ औषध लागू होतं. २५ डिग्रीला हे सगळं चक्र साधारण आठवडाभराचं, पाणी थंड असेल तर जास्त. म्हणजे एक-दोन चक्रं उलटून ठिपका दिसला नाही तरच तुम्ही थोडे निर्धास्त. आणि म्हणूनच ठिपके गेले म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बंद करणारा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानात दिसतो. निऑनला अजून एक स्वतःचा रोग आहे, त्याच्या नावानेच ओळखला जातो, निऑन टेट्रा डिसीज, त्यात स्नायूंत पांढरट चट्टा येतो, निळी पट्टी मधूनच फिकी पडते, मासा थव्यापासून वेगळा फिरतो. त्याला औषध नाही. तो मासा लगेच बाजूला काढायचा, कारण तो मेला आणि बाकीच्यांनी टोचून खाल्ला की रोग पसरतो. टब असेल तर हे टबात कळतं, नाहीतर सगळ्या टँकमध्ये.

टबात काही दिसत नसताना उगाच मेथिलीन ब्लू या औषधाच्या बाटल्या ओतू नका. ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं, म्हणजे नसलेल्या रोगासाठी असलेला अमोनिया पदरात.

पहिल्या दिवशी लाइट बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी अगदी चिमूटभर, दाणे बोटांत चुरून, त्यांचं तोंड मोहरीएवढंही नसतं. आणि रात्री टॉर्च मारून बघायची घाई करू नका. पहिल्यांदा मी रात्री दोनला उठून बघितलं तर सगळे निऑन रंग उडालेले, पट्टी निळीची जांभळट-मळकट, हालचाल नाही, एक पाइपाच्या तोंडाशी तिरका. मी मनात सगळे मेले असं धरून झोपलो. सकाळी लाइट लावल्यावर दहा मिनिटांत सगळे निळेशार. त्यांचा तो निळा म्हणजे रंगद्रव्य नाहीच, कातडीत बारीक स्फटिकांचे थर असतात, त्यांच्यावरून उजेड परततो त्याचा रंग आहे तो, आणि अंधारात ते थर बदलतात. रात्री निऑन फिका पडणं हे झोपणं आहे.

कधी आणायचे याचाही विचार करा. एप्रिल-मे मध्ये निऑन आणणं मला पटत नाही. त्याला २२ ते २६ डिग्री मानवतं, आपल्याकडे पंखा नसलेल्या खोलीत मे महिन्यात टँक सहज ३१-३२ ला जातो, नागपूर-अकोल्याकडे तर विचारू नका. आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजनही कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे ९ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसातच. माशाला लागतो मात्र जास्त. त्यात लाइट गेले आणि एअर पंप बंद, झालंच. बॅटरीवर चालणारा पंप घरात असू द्या. गणपतीला गावी जायच्या आधीच्या आठवड्यातही नवे मासे नको, जुने मासे पाच दिवस उपाशी मजेत राहतात, नव्यांना मात्र रोज बघावं लागतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदाच थवा पाळणाऱ्याला मी निऑन सांगतच नाही, झेब्रा डॅनिओ सांगतो. आपल्याच देशातला मासा, गंगेच्या माशांवरच्या १८२२ सालच्या इंग्रजी ग्रंथात त्याची पहिली नोंद आहे, जगभरच्या प्रयोगशाळांत उंदराच्या जोडीला हाच असतो, थंडी-उन्हाळा दोन्ही काढतो. पण लोकांना निळा-लालच हवा असतो, मलाही हवा होता. निऑनच हवा असेल तर बदामाचं पान ठेवा, रस्त्याकडेला ते मोठ्या पानांचं झाड असतं ना, त्याचं गळून पडलेलं, वाळलेलं, लाल-तपकिरी पान, औषध फवारलेल्या जागेतलं नको, धुऊन टाकायचं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. दिसायला काहींना आवडत नाही, पण निऑनच्या मूळच्या ओढ्यांचं पाणी कुजलेल्या पाल्याने असंच चहाच्या रंगाचं असतं. फक्त जड पाणी त्याने मऊ होईल अशी आशा धरू नका.

तीन आठवडे झाले, मग कपाने मेन टँकमध्ये, संध्याकाळी, लाइट बंद करून. तिथे आधीच एंजलफिश असेल तर थांबा. एंजल लहान असताना निऑनबरोबर छान दिसतो आणि मोठा झाला की एकेक करून निऑन कमी होतात, मालक म्हणतो फिल्टरने ओढले.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. नवा थवा सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस सगळे एकमेकांना चिकटून, एका दिशेला तोंड करून, कवायतीसारखे फिरतात आणि आपण व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो, बघा काय सुंदर थवा. तो भीतीचा थवा असतो. आठवड्याभरात ते सैल पडतात, दोघं पानापाशी, एक खडी चोचत, चार मध्येच, आणि लोक मला विचारतात आता थवा का करत नाहीत, काही बिघडलंय का. काही नाही, त्यांना तिथे बरं वाटायला लागलंय. तुम्ही टँकवर हात आपटून बघा (बघू नका), एका क्षणात परत गोळा होतील.

रोज मोजायची सवय लावा, कारण मेलेला निऑन दिवसभरात गोगलगायी आणि बाकीचे मासे संपवतात आणि तुम्हाला कळतच नाही. हलते मासे मोजता येत नाहीत, खाणं टाकल्यावर मोबाइलवर फोटो काढायचा आणि फोटोत मोजायचे. माझे सध्या १४ आहेत. फोटोत १३ येतात. चौदावा फिल्टरच्या पाइपामागे असतो, त्या पहिल्या तिघांतला शेवटचा उरलेला, त्याला अजून ती जागा सुटत नाही.